फुकट नव्हे, आगाऊ

मेजर कौसल्या झांबरे यांच्यासमोर ‘फुकट’ हा शब्द उच्चारणारा माणूस पहिल्याच वाक्याला अडत असे. “लष्करात शिक्षण फुकट होतं असं कळलं, म्हणून आलो,” असे कोणी म्हटले की त्या हातातले काम थांबवत आणि सांगत, “फुकट नाही. आगाऊ. शिक्षण आधी देतात, नोकरी नंतर घेतात. वाक्य पुन्हा म्हणा.” समोरच्याला ते पुन्हा म्हणावे लागे. एक गृहस्थ एकदा चिडून म्हणाले, “बरं, आगाऊ शिक्षण घ्यायला आलोय.” बाई म्हणाल्या, “ते आपण घरूनच घेऊन आलेले दिसता. बसा.”

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत त्या दुसऱ्या मजल्यावर, अकरा नंबरमध्ये राहत. मी खालच्या मजल्यावर, आठ नंबरमध्ये. मी एका वर्तमानपत्रात उपसंपादक होतो आणि दुपारच्या पाळीला कामावर जात असे. सकाळी घरी असल्यामुळे त्यांच्याकडे जाणारी माणसे मला दिसत. त्यांतली निम्मी आधी माझीच बेल वाजवत. हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद, सोबत सतरा-अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी, आणि चेहऱ्यावर शाळेत मुख्याध्यापकांनी बोलावल्यासारखा भाव. त्यांनी पत्ता विचारण्याआधीच मी वर बोट दाखवत असे.

बाईंनी अठ्ठावीस वर्षे लष्करी रुग्णालयांत परिचारिका म्हणून काढली होती. लष्करातल्या परिचारिकेला अधिकाऱ्याचा हुद्दा असतो, हे सोसायटीत कोणालाच माहीत नव्हते. सुरुवातीला सगळे त्यांना सिस्टर म्हणत. मग कोणीतरी टपालपेटीवरचे ‘मेजर (निवृत्त)’ वाचले आणि त्या मेजरबाई झाल्या. दोन्ही हाकांना त्या ओ देत. त्या स्वतः मात्र कोणालाही नावाने हाक मारत नसत. वॉर्डात खाटेचा नंबर घेण्याची सवय होती, ती त्यांनी फ्लॅटला लावली. मी आठ नंबर. माझी पत्नी “आठ नंबरच्या वहिनी”. सोसायटीचे अध्यक्ष तीन नंबर होते आणि त्यांना ते मुळीच आवडत नसे.

आणखी एक सवय अशी, की त्यांच्या हातात कोणी काही दिले, वाटी, वर्तमानपत्र, विजेचे बिल, तर ती वस्तू घेताना त्यांची दोन बोटे देणाऱ्याच्या मनगटावर टेकत. अर्ध्या मिनिटात नाडी मोजून होई. बोलणे चालूच असे. पोस्टमनला त्यांनी अशीच एकदा सूचना दिली, “ब्याण्णव. जिना सावकाश चढत जा,” आणि पुढच्या महिन्यात तो खरोखरच छातीत दुखू लागल्याने रजेवर गेला. त्यानंतर काही दिवस सोसायटीतली माणसे त्यांना वस्तू देताना लांबून देत.

फलकावरच्या सूचना लिहिण्याचे काम त्यांच्याकडे होते. आधीच्या चिटणिसांनी ‘कृपया जिन्यात चपला काढू नयेत’ अशी सूचना लावली होती आणि जिन्यात चपला होत्याच. बाईंनी त्याखाली एक ओळ वाढवली : ‘काढलेल्या चपला सकाळी सातनंतर कचराकुंडीत मिळतील.’ सात वाजून पाच मिनिटांनी तीन नंबर कचराकुंडीजवळ एका पायावर उभे होते.

त्यांचे माहेर हडपसरचे. हडपसर तेव्हा गाव होते आणि झांबऱ्यांची शेती कालव्याच्या पाण्यावर होती. घरात शिकवायचे तर थोरल्या भावाला, हे इतके ठरलेले होते की त्यावर वादही झाला नाही. कौसल्या मॅट्रिकला गावातल्या मुलींत पहिली आली. शाळेतल्या बाईंनी तिला जाहिरातीचे कात्रण दिले : लष्करी रुग्णालयात परिचारिकेचे प्रशिक्षण, राहणे-जेवण सरकारी, वर हातखर्चाला थोडी रक्कम. वडिलांनी इंग्रजी कागदावर मराठीत सही केली. कागदात काय लिहिले आहे हे त्यांना माहीत नव्हते आणि मुलीलाही नव्हते. शिक्षण संपल्यावर पाच वर्षे सेवा करायचे आपण बांधून दिले आहे, हे तिला दुसऱ्या वर्षी एका वरिष्ठ सिस्टरकडून, तेही बोलता बोलता कळले.

“वाचलं असतं तरी मी सही केली असती,” बाई मला म्हणाल्या होत्या. “पण वाचायला हवं होतं.”

पाच वर्षे संपली त्या सुमारास त्यांना एक स्थळ आले. त्या काळी लष्करातल्या परिचारिकेने लग्न केले की तिला सेवा सोडावी लागे. त्यांनी सोडण्याचा अर्ज लिहिला. एकदा नव्हे, तीनदा लिहिला, आणि तिन्ही वेळा दिला नाही. स्थळ कोणाचे होते हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. एवढेच म्हणाल्या, “कारण लिहायच्या ओळीवर पेन थांबायचं. जे कारण लिहिता येत नाही, ते खरं नसतं.”

निवृत्तीनंतर त्या बिबवेवाडीत आल्या आणि आसपासचे लोक मुलांना घेऊन सल्ल्याला येऊ लागले. पहिली काही वर्षे त्या सरळ सल्ला देत. तो मुलाच्या वडिलांशी बोलून देत. चार गल्ल्या सोडून राहणाऱ्या एका शिक्षकाच्या मुलाला त्यांनी असेच लष्कराच्या खर्चाने इंजिनिअर व्हायला पाठवले. मुलगा हुशार होता, तब्येतीने चांगला होता, वडिलांना दुसरा खर्च परवडणारा नव्हता. सगळे जुळत होते. अकरा महिन्यांनी मुलगा परत आला. शिक्षकाने सरकारचा खर्च भरून दिला आणि त्यासाठी राहता फ्लॅट विकून कुटुंब भाड्याच्या जागेत गेले. मुलगा बाईंना भेटायला आला तेव्हा त्यांनी विचारले, “तुम्हाला जायचं नव्हतं, तर त्या दिवशी बोलला का नाहीत?” मुलगा म्हणाला, “मला कोणी विचारलंच नाही. तुम्ही बाबांना विचारत होता.”

ही हकीकत त्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. शिक्षकाचे नाव गाळून, स्वतःचे न गाळता.

त्यानंतर त्यांनी पद्धत बदलली. कागद मोठ्याने वाचायचा, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. तो त्यांनी स्वतः वाचायचा नाही. बाईंनी सोयीचे तेवढे वाचले असे उद्या कोणी म्हणू नये, म्हणून तिसऱ्या माणसाने वाचायचा. हा तिसरा माणूस बहुतेक वेळा मी असे. वरून हाक येई, “आठ नंबर, वर या. इंग्रजी वाचायचंय.” वाचून झाले की बाई मुलापुढे कोरा कागद ठेवत आणि सांगत, “आता सोडण्याचा अर्ज लिहा.”

“पण अजून दाखलच झालो नाही.”

“म्हणून तर. आत गेल्यावर लिहायला वेळ मिळत नाही.”

मजकूर त्या सांगत : विषय, सेवेतून मुक्त करण्याबाबत, महोदय, मला दाखल होऊन दोन वर्षे झाली असून यापुढे शिक्षण व सेवा सोडण्याची परवानगी मिळावी, कारण. इथे त्या थांबत. पुढचे मुलाने स्वतः लिहायचे. आईवडिलांनी तोंड उघडायचे नाही. एका मुलाने लिहिले, जेवण आवडत नाही. बाई म्हणाल्या, “जा. हे कारण सहा महिन्यांत मरतं.” एकाने लिहिले, वरच्या लोकांचे ओरडणे सहन होत नाही. बाईंनी विचारले, “घरी कोण ओरडतं?” मुलाने वडिलांकडे पाहिले. “मग सवय आहे. जा.” आणि एकाने न थांबता दोन पाने लिहिली, पाठपोट. ती बाईंनी वाचलीही नाहीत. वडिलांच्या हातात देऊन त्या म्हणाल्या, “याला दुसरीकडे शिकवा. कुठे ते मला माहीत नाही, पण दुसरीकडे.”

रामभाऊ खुटवड पत्नी आणि मुलीसह आले तो दिवस मला नीट आठवतो, कारण त्या दिवशी मी कामावर उशिरा पोचलो आणि त्याचे खरे कारण कार्यालयात कोणाला पटले नाही.

खुटवड मार्केट यार्डात कांदा-बटाटा विभागात तोलणार होते. पोती काट्यावर चढली की वजन बघायचे आणि चिठ्ठी करायची, हे त्यांचे काम. मेजरबाई आठवड्यातून दोनदा पायी यार्डात जाऊन चार घरांचे कांदे-बटाटे आणत, तेवढीच त्यांची ओळख. खुटवडांची मुलगी संगीता हिची लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात निवड झाली होती. मुलीला डॉक्टर व्हायचे होते. खासगी कॉलेजच्या देणगीचा आकडा खुटवडांनी एकदा ऐकला होता आणि पुन्हा विचारला नव्हता. सरकारी कॉलेजांची यादी लागायची होती आणि तीत नाव येईलच असे मार्क नव्हते. लष्कराचा कागद शुक्रवारपर्यंत सही होऊन जायला हवा होता. आज बुधवार होता. आणि खुटवड सही करायला तयार नव्हते.

“समदं पटतंय बाई,” खुटवड खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले. “पण पोरीला पगारावर घ्येत न्हाईत म्हणं.”

“कोण म्हणालं?”

“कागदातच हाय. शेजारच्या मास्तरांनी वाचून दावलं. शिकून झाल्यावर कमिशन देणार.” त्यांनी आवाज खाली आणला. “त्येबी शॉर्ट.”

मी कागदात डोके घातले. संगीता खाली बघत होती.

“आता आमच्या यार्डात बघा,” खुटवड समजावून सांगू लागले, “कमिशनवर अडत्या गब्बर हुतो, न्हाई कोन म्हणतंय? पण त्याला गाळा लागतो. शेतकरी लागतो. माझ्या पोरीकडं गाळा कुठं हाय? आन् शॉर्ट कमिशन म्हंजे तर मेलोच की. ज्येवढी शेवा तेवढंच कमिशन, आन् त्यातबी कापून.”

बाई हसल्या नाहीत. उठून आत गेल्या, कपाटातून काचेची एक चौकट घेऊन आल्या आणि ती खुटवडांच्या मांडीवर ठेवली. आत जाड कागद होता, वर राजमुद्रा, खाली सही. “हे माझं कमिशन. कमिशन म्हणजे अधिकाऱ्याची नेमणूक. हा नेमणुकीचा कागद, राष्ट्रपतींच्या नावानं निघतो. पगार वेगळा, दर महिन्याला. शॉर्ट म्हणजे थोड्या वर्षांची नेमणूक. कायमची असते ती पर्मनंट. तुमच्या मुलीला कुठली मिळेल ते शेवटी ठरतं.”

खुटवडांनी चौकट दोन्ही हातांनी धरली आणि वजनाचा अंदाज घ्यावा तशी थोडी वर-खाली केली.

“म्हंजे राष्ट्रपती तुमचा अडत्या.”

“असं म्हणा.”

“मंग आधीच सांगायचं की. मास्तर येडं हाय.”

तेव्हा बाई हसल्या. मोठ्याने आणि बराच वेळ. सोळा वर्षांच्या शेजारात मी त्यांना तसे हसताना दुसऱ्यांदा पाहिले नाही.

मग वाचन झाले. बाई एकेक कलम मराठीत सांगत गेल्या आणि त्यात गोड काही मिसळले नाही. शिकून झाल्यावर ठरलेली वर्षे द्यावी लागतील. पाठवतील तिथे जावे लागेल. तिथे बर्फ असेल किंवा वाळू असेल, विचारणार नाहीत. मध्येच सोडले तर खर्च भरावा लागेल, आणि तो तोलाईच्या पैशांतून भरण्यासारखा नाही. “मी अठ्ठावीस वर्षांत पाच दिवाळ्या हडपसरला केल्या,” त्या म्हणाल्या. “सहावीला निघाले होते. तार आली, अर्ध्या वाटेतून परत गेले.”

“आन् लग्नाचं वो?” संगीताच्या आईने विचारले. एवढा वेळ त्या पदराचे टोक धरून गप्प बसल्या होत्या.

“शिकताना करायचं नाही. पुढं करता येतं. माझ्या वेळी येत नव्हतं.”

त्यानंतर कोरा कागद आला. संगीताने पेन घेतले, मजकूर उतरवून घेतला, आणि ‘कारण’पाशी थांबली. मिनिटे गेली. खुटवडांनी दोनदा घसा खाकरला. बाईंनी दोनदा त्यांच्याकडे पाहिले. मी घड्याळ बघितले तेव्हा बारा मिनिटे झाली होती. मग तिने एकच ओळ लिहिली आणि कागद उलटा करून बाईंपुढे सरकवला.

बाईंनी वाचला आणि खुटवडांना दिला. “मोठ्यानं वाचा.”

खुटवड एकेक शब्द लावत वाचू लागले. “कारण... वडिलांनी मला परत बोलावले आहे. माझी स्वतःची... इच्छा नाही.” त्यांनी मान वर केली. “ह्ये मी कवा म्हणलो?”

“अजून म्हणाला नाहीत. त्या दोन वर्षांनंतरचं लिहितायत.”

“आगं, मी कशाला बोलवीन तुला?”

संगीता पहिल्यांदाच बोलली. “ताईला बोलावलंत ना, अण्णा. बारावीला बसली होती. मामांनी स्थळ आणलं आणि तुम्ही परीक्षेच्या आधी आठ दिवस तिला घरी बोलावलंत.”

आईने पदराचे टोक सोडले आणि पुन्हा धरले.

“सरकारनं सगळं लिहून घेतलंय,” बाई म्हणाल्या. “त्यांची मुदत आहे, शर्ती आहेत, मोडलं तर काय ते आहे. पोरीला सरकारची भीती नाही. तुमची आहे. तुम्हीही लिहून द्या.”

“बापानं पोरीला लिवून द्यायचं?”

“यार्डात तोंडी वजन चालतं का?”

हे खुटवडांना लागले. त्यांनी कागद ओढून घेतला आणि स्वतःच्या हाताने लिहिले, की मी माझी मुलगी संगीता हिला मुदत संपण्याआधी परत बोलावणार नाही. खाली सही केली आणि सवयीने सहीखाली आपला तोलणार परवान्याचा नंबर घातला. साक्षीदार म्हणून मी सही केली. बाईंनी तो कागद माझ्याकडेच दिला. “माझ्याकडे ठेवला तर हे येऊन माझ्याशी भांडतील. आठ नंबरशी भांडण्याइतकी ओळख नाही.”

त्यानंतर खुटवडांनी सरकारच्या कागदावर सही केली. मग चहा झाला. चहा नेहमी शेवटी असे. बाईंचे म्हणणे, चहा पिऊन बसलेल्या माणसाला नाही म्हणणे जड जाते.

सरकारी कॉलेजांची यादी पुढच्या आठवड्यात लागली. तीत संगीताचे नाव नव्हते. खुटवड ते सांगायला मुद्दाम यार्डातून आले, जिन्यातूनच ओरडून सांगितले आणि आनंदात खाली उतरून गेले.

दोन वर्षे सुरळीत गेली. कॉलेज शहरातच असल्यामुळे संगीता रविवारी घरी येई आणि येता-जाता कधी अकरा नंबरला डोकावे. तिसऱ्या वर्षी काट्यावरून पोते घसरून खुटवडांच्या पायावर पडले. पायाचा चेंदा झाला नाही एवढेच. त्यात साखर निघाली आणि जखम भरेना. तोलणाराचे काम उभ्याने असते आणि कामावर गेले तरच मिळकत. मेजरबाई रोज सकाळी साडेसातला वरच्या वस्तीत त्यांच्या घरी जाऊन पट्टी बदलत. येताना आमच्या दारात थांबून “आज बरं आहे” किंवा “आज तसंच आहे” एवढेच सांगत.

त्या दिवसांत खुटवडांकडे एक अडत्या आला. यार्डात त्याचे दोन गाळे होते. आपल्या मुलासाठी त्याने संगीताला मागणी घातली. लष्कराचा जो काही खर्च असेल तो आम्ही भरतो, म्हणाला. मुलीला बाहेर काढा, उरलेली डॉक्टरकी आम्ही खासगी कॉलेजात पुरी करून देऊ, तुमच्या औषधपाण्याचेही बघू.

एका शनिवारी खुटवड काठी टेकत दोन जिने चढून बाईंकडे आले. दारे उघडी होती, खाली सगळे ऐकू येत होते.

“माणूस चांगला हाय बाई. समदं भरतो म्हणतोय.”

“फुकट?”

खुटवडांनी काठी फरशीवर एकदा आपटली. मग म्हणाले, “न्हाई. आगाऊच म्हणायचं.”

“मुदत किती?”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“सरकारनं मुदत लिहिलीय, रामभाऊ. ती संपते. ह्यांची किती वर्षांची हाय?” त्या फार चिडल्या किंवा फार हळव्या झाल्या की हडपसरची बोली वर येई. त्या वेळी दोन्हींपैकी काय होते, हे मला खालून सांगता आले नसते. नावाने हाक मारलेलीही मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकली.

“त्यो कागद द्या मला,” खुटवड म्हणाले.

“आठ नंबरकडं हाय. मागून बघा.”

काठीचा आवाज एकेक पायरी खाली आला आणि माझ्या दारात थांबला. कागद टेबलाच्या खणात होता आणि मागितला असता तर मी दिला असता. अडवून ठेवण्याचा मला काही अधिकार नव्हता. खुटवड दारात उभे राहिले. माझ्याकडे पाहिले, आतल्या टेबलाकडे पाहिले. म्हणाले, “वाईच पानी द्या.” पाणी प्याले, तांब्या परत दिला आणि उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. संगीता आली तेव्हा खुटवडांनी तिला स्थळाचे सगळे स्वतः सांगितले आणि वर सांगितले की आपण त्यांना नकार कळवला आहे. संगीता रडली. मी पायासाठी घरी थांबते, असे म्हणाली. खुटवड म्हणाले, “सोमवारी लेक्चर हाय ना? मंग जा. पायाला बाई हाय.” हे आम्हाला संगीताच्या आईने सांगितले. बाईंसाठी भाकरी आणि ठेचा घेऊन त्या आल्या होत्या, आणि सांगताना मध्येच थांबून त्यांनी दीर्घ श्वास सोडला, डोक्यावरची पाटी उतरवल्यावर सोडतात तसा. पाय सात आठवड्यांनी भरला. बाईंनी शेवटची पट्टी काढली त्या दिवशी आमच्या दारात थांबून सांगितले, “झालं.”

संगीता डॉक्टर झाली. नेमणूक थोड्या वर्षांची मिळाली. ती आसामात होती, राजस्थानात होती, मधले एक वर्ष अशा जागी होती जिचे नाव पत्रावर लिहायला परवानगी नव्हती. मुदत संपत आली तेव्हा वाढवून घेण्याची सोय होती. तिने बाईंना पत्र लिहून विचारले, काय करू. बाईंनी कार्डावर एक ओळ पाठवली : ‘ठरवलंत की कळवा.’ पाच आठवड्यांनी उत्तर आले, की येते आहे. तिला कोणी बोलावले नव्हते.

तिने बिबवेवाडीतच, मुख्य रस्त्याच्या आतल्या बाजूला तळमजल्यावर दवाखाना काढला. खुटवड तोवर कामातून निवृत्त झाले होते आणि दवाखान्याच्या दाराशी स्टुलावर बसून रुग्णांचे नंबर पुकारत. उभी हयात यार्डाच्या गोंगाटात वजने सांगण्यात गेलेली; त्यांनी “सात!” म्हटले की पलीकडच्या किराणा दुकानातले गिऱ्हाईकही वळून बघे. संगीताने त्यांना हळू पुकारायला अनेकदा सांगितले. ते एक नंबर हळू पुकारत आणि पुढचा पुन्हा तसाच.

मेजरबाईंना मी शेवटचे तिथे पाहिले. त्यानंतर थोड्याच दिवसांत भावाच्या मुलांनी त्यांना हडपसरला नेले आणि माझे तिकडे जाणे झाले नाही. मी रक्तदाब तपासायला गेलो होतो. माझा नंबर बारा होता. बाई गुडघ्यांसाठी आल्या होत्या आणि त्यांच्या हातात चौदा नंबरची चिठ्ठी होती. खुटवड स्टुलावरून उठून त्यांच्याकडे आले.

“बाई, तुमी कशाला बसता? चला आत. ती रागवंल मला.”

“कितवा चालू आहे?”

“नववा.”

“मग पाच आहेत. बसा जागेवर.”

खुटवड जागेवर बसले. बाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला, डोके मागे भिंतीला टेकले, आणि दहावा नंबर आत जाईपर्यंत त्यांना झोप लागली होती. तोंड किंचित उघडे, चिठ्ठी बोटांत तशीच. अकरावा झाला. मी आत जाऊन आलो आणि पैसे सुटे करत दाराशी उभा होतो तेव्हा तेरावा बाहेर आला. खुटवडांनी तोंड उघडले, बाईंकडे पाहिले, आणि माझ्या अंदाजाने आयुष्यात पहिल्यांदाच कुजबुजत्या आवाजात, बाईंच्या पलीकडे बसलेल्या माणसाला बोटाने खूण करत म्हणाले, “पंधरा.”